कुकरची कुळकथा

‘प्रेशर कुकर’ हा शब्द मराठी स्वयंपाकघरातून हाकलून तेथे ‘दाबपात्र’ बसवावे, असा आग्रह धरणारी मंडळी अजून आहेत. आमच्या गंगापूर रोडवरच दोघे-तिघे निघतील. मला हा आग्रह भाषाप्रेमाचा वाटत नाही, आळसाचा वाटतो.

ज्याला हाकलायचे त्याचे कूळ तरी पाहावे! इंग्रजी ‘कुक’ हा लॅटिन ‘कोक्वुस’, म्हणजे आचारी, यावरून आलेला. त्या लॅटिन शब्दाचा आणि आपल्या ‘पच्’ धातूचा मूळपुरुष एकच. म्हणजे कुकर हा पाक, पक्वान्न आणि पिकणे यांचा दूरचा भाऊबंदच ठरतो. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडून हाडे मऊ करणारे भांडे दाखवले, त्याला नाव दिले ‘डायजेस्टर’, म्हणजे पचवणारा. आपला ‘पच्’ तर शिजवतोही आणि जिरवतोही! ‘दाबपात्रा’त मात्र दाब तेवढा राहिला, रांधणे सांडले. त्यात चक्का दाबायचा की कपडे, हे नावावरून कळत नाही.

शिवाय आमच्या बायकांनी या जोडशब्दाचे काय करायचे ते कधीच केले आहे. ‘प्रेशर’ त्यांनी बाहेर ठेवले. इंग्लंडात नुसता ‘कुकर’ म्हणजे अख्खी शेगडी. आपल्याकडे फक्त शिट्टीचे भांडे. ‘कुकर लावला’, ‘कुकर झाला’, ‘कुकर पडला’, हे इंग्रजाला कळायचे नाही. डाळीला किती वेळ, तर चार शिट्ट्या. ही मराठी नव्हे तर काय?

मंडळी लगेच सावरकरांना पुढे करतात. त्यांचे भगूर येथून जवळच. त्यांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ मीही आनंदाने वापरतो. पण ते कचेरीचे शब्द, एका परिपत्रकाने रुळणारे. चुलीपाशी परिपत्रक चालत नाही.

खरी हानी दुसरीच झाली आहे. कुकर आला आणि भात वेळणे, म्हणजे शिजत्या भातातली पेज ओतून काढणे, बंद झाले. गॅस आला आणि चुलीशेजारची वैल गेली. आधणही आता क्वचित ऐकू येते. या शब्दांची घरोघर फिरून टिपणे करावीत, असे मी या मंडळींना सुचवले. ‘ते बायकांचे शब्द,’ असे उत्तर मिळाले. मग कुकर कोण लावतो, असे मी विचारले.