पाचवीचा वर्ग कोठे असावा?

पाचवीचा वर्ग कोणत्या शाळेत भरावा, एवढ्या प्रश्नावरून एखाद्या गावात दोन तट पडले असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्यास प्रथम हसू आल्यावाचून राहणार नाही. मुले तीच, पुस्तके तीच, गणितातील अपूर्णांकही तेच. मग वर्ग या इमारतीत भरला काय किंवा त्या इमारतीत भरला काय, त्यासाठी एवढा वाद कशाला? तथापि महाराष्ट्रातील अनेक गावांत हा वाद खरोखरच झाला आहे, आणि तो करणारी माणसे काही अविचारी नव्हती. लहान दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा मोठा प्रश्न दडलेला असतो. येथेही तसेच आहे.

या वादाचे निमित्त एका कायद्याने घडविले. मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळण्याचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्याने पहिली ते आठवी एवढ्या शिक्षणास प्राथमिक शिक्षण म्हटले, आणि त्यातही पहिली ते पाचवी हा एक टप्पा व सहावी ते आठवी हा दुसरा टप्पा धरून शिक्षक, वर्गखोल्या व तासिका यांचे नियम घालून दिले. महाराष्ट्रातील जुनी घडी मात्र निराळी होती. येथे पुष्कळ गावांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, काही ठिकाणी सातवीपर्यंत, आणि माध्यमिक शाळा पाचवीपासून किंवा आठवीपासून दहावीपर्यंत, अशी वाटणी होती. नव्या मांडणीप्रमाणे चौथीच्या शाळेस पाचवी जोडावयाची आणि सातवीच्या शाळेस आठवी जोडावयाची, असे ठरू लागले. काही ठिकाणी हे वर्ग जोडले गेले, काही ठिकाणी जोडले गेले नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी चर्चा झाली.

चौथीनंतर ही रेघ मुळात ओढली कोणी, हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील मूल प्रथम चार इयत्ता मराठी शाळेत शिकत असे. त्यापुढे दोन वाटा फुटत. ज्यांस परवडे त्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. तेथे पुन्हा पहिलीपासून मोजणी सुरू होई. इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी असे करीत सातवी आली, म्हणजे मॅट्रिकची परीक्षा. उरलेली मुले मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकत आणि व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा देत. ती उत्तीर्ण होणाऱ्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. चौथीनंतरची रेघ ही अशी दोन वाटांच्या फाट्यावर उभी होती. थोड्यांची वाट पुढे लांबवर जाई. बहुतेकांची लवकर संपे, आणि असंख्य मुले तर त्या फाट्यापर्यंतही पोहोचत नसत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती, ती याच स्थितीकडे पाहून.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि त्या दोन वाटा एक झाल्या. परंतु फाट्यावर बांधलेल्या इमारती राहिल्या. माध्यमिक शाळा पाचवीपासून भरत राहिल्या त्या या जुन्या वहिवाटीने. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. इयत्तांची वाटणी ही डोंगर-नद्यांसारखी निसर्गाने केलेली नाही. ती माणसांनी आपल्या काळाच्या गरजेप्रमाणे केलेली आहे आणि वेळोवेळी बदललेलीही आहे. पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीनंतर होत असे. १९७५ साली ती प्रथम दहावीनंतर झाली. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी चौथीस व सातवीस होती. २०१७ साली ती पाचवी व आठवीच्या मुलांसाठी घेण्यात आली. तेव्हा ‘असेच चालत आले आहे’ हे उत्तर येथे पुरेसे नाही. त्याचप्रमाणे ‘वरून आदेश आला आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही.

आता अशा वादात दोन्ही बाजूंनी काय म्हटले जाते ते ऐकावे. एखाद्या गावात वस्तीजवळ जिल्हा परिषदेची चार वर्गांची शाळा आहे आणि दोन-अडीच किलोमीटरांवरील मोठ्या गावात एका शिक्षणसंस्थेचे पाचवी ते दहावीचे विद्यालय आहे, असे समजू. प्राथमिक शाळेच्या बाजूचे लोक म्हणतात, “दहा वर्षांच्या लेकराने रोज एवढी पायपीट का करावी? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की शाळा बुडते. मुलीला एकटीला पाठवायला आईचा जीव धजत नाही. पाचवी इथेच भरू द्या.” विद्यालयाच्या बाजूचे लोक म्हणतात, “विद्यालयात मैदान आहे, ग्रंथालय आहे, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक आहे. मूल लवकर तेथे आले तर लवकर रुळते. शिवाय पाचवीची तुकडी गेली तर तेथील शिक्षक अतिरिक्त ठरतील, त्यांनी कोठे जावे?” यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नाही. शिक्षकाच्या संसाराची चिंता करणे यात काही लाजिरवाणे नाही, आणि आईची काळजी तर सर्वांस समजण्यासारखी आहे.

परंतु वादाचा निकाल लावण्यास एखादे माप हवे. ते माप शाळेच्या सोयीचे किंवा संस्थेच्या मानाचे असू नये. ते मुलाचे असावे. शिक्षण कोठे तुटते, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. टप्प्याटप्प्यांची धावण्याची शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ठाऊक आहे की हातातील दांडी धावताना सहसा पडत नाही. ती पडते एका गड्याने दुसऱ्या गड्याच्या हाती देताना. शिक्षणाचेही तसेच आहे. एक शाळा संपते आणि दुसरी सुरू होते, त्या सांध्यापाशी मूल निसटण्याचा धोका अधिक असतो. नवी शाळा लांब असते, नवे कपडे व दप्तर लागते, दाखला आणावयाचा असतो. घरी धाकटे भावंड सांभाळण्यास कोणीतरी हवे असते. ‘या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी पाहू’ असे कोणी म्हणते, आणि ते पुढचे वर्ष कित्येकदा येतच नाही.

या मापाने पाहिले असता वाट पुष्कळशी स्पष्ट होते. सांधे जितके कमी, तितके बरे. चौथीस एक शाळा संपली, सातवीस दुसरी संपली आणि आठवीस तिसरी सुरू झाली, म्हणजे लहान वयात दोनदा दांडी हातची सुटण्याचे भय. पाचवीपर्यंत एक शाळा व सहावीपासून दहावीपर्यंत दुसरी, अशी मांडणी झाली तर तो बदल एकदाच होतो. आणि तोही मूल अकरा वर्षांचे झाल्यावर, म्हणजे थोडे मोठे व धीट झाल्यावर होतो. नियमांनीही हे वय ओळखले आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ते सांगतात. पाचवीच्या मुलास जवळची शाळा द्यावी, हा विचार त्यामागे आहे आणि तो योग्य आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पाचवी जोडणे म्हणजे दारावर ‘इयत्ता ५ वी’ अशी पाटी लावणे असे जर कोणी समजेल, तर ती मुलांची फसवणूक होईल. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असा नियम आहे. आता हिशेब करून पाहावा. चार वर्गांत मिळून चाळीस मुले असतील, तर दोन शिक्षक प्रत्येकी दोन वर्ग सांभाळतात. पाचवीची दहा मुले त्यांत आली, तर संख्या पन्नास होते. शिक्षक मात्र नियमाने दोनच राहतात आणि वर्ग होतात पाच. एकास दोन वर्ग आणि दुसऱ्यास तीन! पहिलीची मुले अक्षरे गिरवीत आहेत, तिसरीची पाढे म्हणत आहेत आणि पाचवीच्या मुलांस अपूर्णांकांची बेरीज समजावून घ्यावयाची आहे, अशा स्थितीत एकटा शिक्षक कोणाकोणास पुरा पडणार? म्हणून पाचवी घराजवळ असावी, परंतु तिच्याबरोबर एक शिक्षक व एक खोलीही आली पाहिजे. विद्यालयात जे शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांतील ज्यांस लहान मुलांना शिकविता येते व तसे शिकविण्याची इच्छा आहे, त्यांस सन्मानाने या वर्गांवर आणता आले, तर एकाच उपायाने दोन चिंता दूर होतील.

आठवीचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास निदान एक शिक्षक हवा आणि विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या विषयांसाठी जाणकार शिक्षक हवेत, असे कायदाच म्हणतो. जेथे सातवीच्या शाळेत ही तयारी आहे, तेथे आठवी अवश्य जोडावी. जेथे आठवीत पाचसहाच मुले असतील, प्रयोगाचे साहित्य नसेल आणि विज्ञानाचा शिक्षक नसेल, तेथे केवळ कागदावरील मांडणी पुरी व्हावी म्हणून त्यांस अडकवून ठेवणे हिताचे नाही. तेरा वर्षांचे मूल सायकलने किंवा एस.टी.ने जवळच्या विद्यालयात जाऊ शकते. त्याची ती सोय करणे हेच तेथे शहाणपणाचे होय.

सांधा एकच ठेवला तरी तो उरतोच. म्हणून तो घट्ट करणे हे मोठ्या माणसांचे काम आहे. ते फारसे खर्चाचेही नाही. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी शेवटच्या वर्गातील सर्व मुलांची नावे पुढील शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावीत. जूनमध्ये शाळा उघडली की ती यादी नव्या पटाशी ताडून पाहावी. जे नाव पटावर दिसत नाही, त्या मुलाच्या घरी दोनही शाळांतील कोणीतरी जावे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यावा, आणि तो यावयास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने मुलास प्रवेश नाकारू नये, असे कायद्यानेच सांगितले आहे. ही गोष्ट प्रत्येक पालकास माहीत असली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी हे काम मनावर घेतले तर वादातील निम्मा कडवटपणा आपोआप ओसरेल.

इयत्तांची मांडणी यापुढेही बदलत राहील. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिसऱ्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण पाच, तीन, तीन व चार वर्षांच्या टप्प्यांत विभागले आहे. त्यातही एक टप्पा पाचवीशी संपतो आणि दुसरा सहावीपासून सुरू होतो. म्हणजे गावोगावच्या सभांत हा विषय पुन्हा निघणार, पुन्हा दोन तट पडणार. तसे झाले तरी घाबरण्याचे कारण नाही. आपल्या शाळेविषयी गाव वाद घालते, याचा अर्थ गावास शाळा हवी आहे. फक्त तो वाद चालू असता ज्या मुलांसाठी तो चालला आहे, त्यांचे म्हणणेही एकदा ऐकून घ्यावे. वाटेत भय कोठे वाटते, कोणता विषय समजत नाही, शेजारची मैत्रीण शाळेत का येत नाही, हे मुलांस मोठ्यांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

पाचवीचा वर्ग कोठे असावा, याचे उत्तर त्यामुळे साधे आहे. तो जेथे मूल सुखरूप पोहोचेल, जेथे त्यास शिकविणारा शिक्षक असेल आणि जेथून सहावीस जाताना एकही नाव हरवणार नाही, तेथे असावा. ज्या गावाने एवढे साधले, त्या गावाची शाळा कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, हे विचारण्याचे फारसे कारण उरणार नाही.