आपल्या बायकांनी डोंगरात का धावू नये?

साताऱ्यात धावणाऱ्या माणसाकडे आता कुणी वळूनही बघत नाही. हिल मॅरेथॉनमुळे यवतेश्वरच्या घाटात आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहाटेपासून गर्दी असते. पण त्या गर्दीत पूर्ण बाह्यांचा कुर्ता, सैल ट्रॅक पँट आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेली चाळिशी ओलांडलेली बाई दिसली, की माना वळतात. आणि सगळ्यात आधी वळतात त्या आपल्याच मोहल्ल्यातल्या.

"अगे, इस उमर में डोंगर पे भागने का क्या काम?" आमच्या खालांनी मला हे विचारलं ते रागाने नाही, काळजीने. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गेली सहा वर्षं धावते, तेही डांबरी रस्त्यावर कमी आणि पायवाटेवर जास्त. २५ किलोमीटरच्या डोंगरी शर्यती काही केल्या, ५० ची एकच. रस्त्यावरच्या शर्यतीत सगळा हिशेब घड्याळाशी असतो, डोंगरात तो चालत नाही. खडा चढ आला की सगळेच चालतात. पंचविशीतला पोरगाही गुडघ्यावर हात ठेवून माझ्या शेजारी धापा टाकत असतो. उतारावर नजर पुढच्या तीन पावलांवर ठेवावी लागते, कारण सुटा मुरूम, झाडाचं मूळ, हलणारा धोंडा, काहीही पायाखाली येऊ शकतं. पेपरांचे गठ्ठे, गॅसचं सिलिंडर, लेकीची फी यांना तेव्हा डोक्यात शिरायला जागाच उरत नाही. नमाजीत मन भटकतं, उतारावर भटकून चालत नाही.

आता त्रास. लोकांना वाटतं चढ मारतो. चढ फक्त दमवतो, खरं मारतो तो उतार. प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांड्यांवर आदळतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना कठड्याला धरून, आडवं होत उतरावा लागतो. अंगठ्यांची नखं काळी पडतात. तासन् तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होतं, चक्कर येते, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पिशवीत ओआरएसची पाकिटं, खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे हवेतच.

आणि हवामान. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू असताना अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा गार वारा सुटला. २१ धावपटू गेले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. तो गुहेत आसऱ्याला थांबला होता, त्याने त्यांना आत घेऊन ऊब दिली. आपल्याकडेही राजगड-तोरण्याच्या धारेवर धुकं उतरलं की महागडं घड्याळ गोंधळतं, आणि खरी वाट दाखवतो तो गुरं घेऊन आलेला गावातला माणूस. शर्यतीच्या दिवशी त्याच्याच शेताच्या बांधावर जेलची रिकामी पाकिटं टाकून जाणारे वीर बघितले की माझं डोकं फिरतं.

बाईच्या अडचणी आणखी वेगळ्या. पाच-सहा तासांच्या वाटेवर आडोसा कुठे शोधायचा? पाळीची तारीख शर्यतीच्या दिवशीच आली तर? अंधारात एकटीने पायथ्यापर्यंत जायचं कसं? या प्रश्नांवर आपल्याकडे कुणी बोलत नाही. बोलणं होतं ते फक्त "शोभतं का" यावर.

मग शोभण्याचंच बोलू. सफा आणि मरवा या दोन टेकड्याच. तहानलेल्या बाळासाठी बीबी हाजरा त्यांच्यामध्ये सात वेळा धावल्या. आज सईच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर होतात. हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी धावायचं आणि बायकांनी चालायचं, असा मसला आहे. मसल्याशी माझं भांडण नाही. फक्त एवढंच ध्यानात ठेवावं, की आठवण एका बाईच्या धावण्याची आहे. प्रेषित (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी शर्यत लावली होती, पहिल्यांदा आयशा जिंकल्या, हे अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात आहे. मग दीनच्या नावाने अडवणाऱ्यांनी नेमकं काय वाचलंय?

राहिली ताकद. इंग्लंडमध्ये पेनाइन डोंगररांगेतून जाणारी स्पाइन रेस सुमारे ४३० किलोमीटरची, तीही जानेवारीच्या थंडीत. २०१९ मध्ये जास्मिन पॅरिस या बाईने ती ८३ तासांत पुरी केली आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकलं. घरी तान्हं लेकरू होतं, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. आपल्याकडे अजमेरची सुफिया खान २०१९ मध्येच काश्मीर ते कन्याकुमारी हे जवळपास ४००० किलोमीटर अंतर ८७ दिवसांत धावली. ते रस्त्यावरचं धावणं, पण हिंमत तीच.

आमच्या मोहल्ल्यात चाळिशीच्या आत शुगर झालेल्या बायका मी बोटांवर मोजायच्या सोडून दिल्यात. डॉक्टर चालायला सांगतात, त्या गच्चीवर फेऱ्या मारतात. गच्चीवर का? तर बाहेर सोबत नाही. मग सोबत करू या. आम्ही चौघी दर रविवारी फजर पढून निघतो. एकीचा नवरा तेवढा वेळ पोरांना सांभाळतो, त्याचं कौतुक करायलाच हवं. पहिले दोन महिने धावायचं नाहीच, फक्त चढायचं. महागडे बूट नकोत, तळव्याला पकड असलेले साधे चालतील. नववी-दहावीतल्या मुलींना आणायचं असेल तर त्यांच्या अम्मीने सोबत यावं, एवढी एकच अट. बटाटे मी उकडून आणते. खालांनाही सांगितलंय, अर्ध्या वाटेपर्यंत तरी चला. त्या म्हणाल्या, रमजाननंतर बघू.