धोका सामन्यात कमी, सरावात जास्त

प्रसिद्ध अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राझिलियन जिउ-जित्सू स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले, तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. अभिनेता टॉम हार्डीने २०२२ मध्ये पंचेचाळिशीत ब्रिटनमध्ये असेच सुवर्ण जिंकले. मेटाचे मार्क झुकरबर्ग मे २०२३ मध्ये स्पर्धेत उतरले, पदके घेऊन गेले. नोव्हेंबरमध्ये मात्र लढतीच्या सरावात त्यांच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तिघांत बोलका प्रसंग हा शेवटचाच.

जमिनीवर लोळून पकड घ्यायची आणि प्रतिस्पर्ध्याला शरण आणायचे, असा हा खेळ. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ तिशीपासून पुढच्या खेळाडूंना ‘मास्टर’ म्हणतो आणि वयानुसार गट पाडतो. खुल्या गटातली ब्लॅक बेल्टची लढत १० मिनिटांची, मास्टर्सची ५ ते ६. टाच पिळून गुडघा निखळवणारा ‘हील हुक’ महासंघाने २०२१ पासून जाकिटाविना होणाऱ्या लढतींत वरच्या पट्ट्यांच्या तरुणांना खुला केला, मास्टर्सना नाही. कारण उघड आहे: या डावात वेदना जाणवण्याआधीच लिगामेंट जाते.

ही सारी काळजी स्पर्धेपुरती. जिममध्ये वयोगट नसतात. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी पन्नाशीच्या माणसाची गाठ पंचविशीच्या पोराशी पडते, तीही थकल्यावर. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते; नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा वेग कमी. ताकदीच्या आधी स्नायूंचा झटका जातो. म्हणून डाव कळतो, पण अंग वेळेवर हलत नाही. कंडरांची झीजही सावकाश भरून येते. तरुणाला एका रात्रीत मिळणारी विश्रांती इथे दोन-तीन दिवस मागते, आणि नेमकी तीच पदकाच्या घाईत कापली जाते.

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे हा दुसरा वेडेपणा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज तो करूच नये.

गळा आवळणाऱ्या डावांनंतर मानेतील रोहिणीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असे क्वचित घडते. तरीही सरावानंतर मानेत अचानक कळ, नवे डोके दुखणे, बोलताना अडखळणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा जाणवला, तर झोपून बरे वाटेल म्हणून न थांबता थेट रुग्णालय गाठावे आणि मान आवळली गेल्याचे तिथे आवर्जून सांगावे.