सरासरीत हरवलेली तूर

आळंद तालुक्यातल्या खजुरीत तुरीच्या मर रोगाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. फ्युजेरियम उडम ही जमिनीतली बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते आणि उभं झाड वाळतं. अशा रोगांवरचे प्रयोग शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात ते बहुधा सरासरीचा एकच स्तंभ होऊन. कुठला वाफा तगला, कुठला गेला, हे त्यात दिसत नाही. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कम यांनी सारख्याच सरासरीचे चार आकडेसंच आलेखावर मांडले; चित्रं चार तऱ्हांची निघाली! जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यानं म्हणूनच आधी प्रत्येक वाफ्याचा ठिपका मांडायला शिकावं. लाल-हिरव्याचा सोसही आवरावा. काही वाचकांना तो फरक दिसतच नाही. या अंकासाठी आलेली शोभेची त्रिमितीय चित्रं आम्ही सरळ परत पाठवली.