शेवटचे दीड लिटर

हॉटेलात हात धुऊन आलेले गिऱ्हाईक स्टँडमधले कागदी रुमाल एकदम चार उपसते. पहिला बोटांना चिकटतो, दुसरा फाटतो, तिसऱ्याने हात कसेबसे कोरडे होतात आणि चौथा खबरदारी म्हणून घेतलेला असतो. मालक गिऱ्हाइकाच्या सवयीला नावे ठेवतो. दोष रुमालाचा असतो. त्या चार रुमालांत मिळून तंतू पुरेसे असतात, पण पाण्याला शिरायला जागा नसते. टिश्यू पाणी टिपतो तो तंतूंपेक्षा तंतूंमधल्या पोकळीच्या जोरावर. ओला कागद दाबला की पाणी स्वस्तात निघते, पण पोकळी चेपते. न दाबता वाळवला की पोकळी राहते, पण इंधनाचे बिल डोक्यावर बसते. टिश्यू मशीनवर गेल्या साठ वर्षांत जे मोठे बदल झाले, त्यांतले बहुतेक या एकाच भांडणातून निघाले आहेत.

वाचकांपैकी अनेकांना पुढचा हिशेब तोंडपाठ असेल, तरीही तो एकदा मांडून ठेवलेला बरा. हेडबॉक्समधून सुटणाऱ्या लगद्यात घन भाग साधारण ०.२ टक्के असतो. म्हणजे किलोभर तंतूंच्या पाठीवर पाचशे लिटर पाणी. जाळी, फेल्ट आणि व्हॅक्यूम यांनी त्यातले जवळजवळ सगळे निघून जाते. प्रेसखालून आलेला कागद ४० टक्के कोरडा असेल, तर किलोमागे उरते दीड लिटर. हे दीड लिटर मात्र पिळून निघत नाही. त्याची वाफच करावी लागते, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ४९८ लिटर काढायचा खर्च एकीकडे आणि शेवटच्या दीड लिटरचा एकीकडे ठेवला, तर गिरणीचा नफा-तोटा दुसऱ्या पारड्यात सापडतो.

आणि त्यासाठी वेळ किती? कागद वाळवणाऱ्या, आतून वाफेने तापलेल्या १८ फूट व्यासाच्या यांकी सिलिंडरचा परीघ सव्वासतरा मीटर. मशीन मिनिटाला २,००० मीटरने धावत असेल, तर तो वेग ताशी १२० किलोमीटर होतो. समृद्धी महामार्गावर मोटारीला याहून जास्त मुभा नाही. या वेगाने यांकीची एक फेरी अर्ध्या सेकंदात संपते. कागद पूर्ण फेरीभरही चिकटलेला नसतो, साधारण तीन चतुर्थांश परिघावर असतो. तेवढ्यात तो ४० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर जायचा, डॉक्टर ब्लेडवर आपटून चुरगळायचा, आणि यांकीपेक्षा दहा-वीस टक्के कमी वेगाने फिरणाऱ्या रीलवर न तुटता गुंडाळला जायचा. वेगातला हा फरक म्हणजेच क्रेप. दाबाने चेपलेला कागद ब्लेडपाशी पुन्हा थोडा फुगतो, म्हणून नेहमीचा टिश्यू मऊ लागतो.

मशीन एवढ्या वेगात नेता आले त्याचे बरेच श्रेय क्रेसेंट फॉर्मरला आहे. किंबर्ली-क्लार्कने विकसित केलेल्या या रचनेत कागद जाळी आणि फेल्ट यांच्या मध्येच तयार होतो, त्यामुळे ओला, लेचापेचा कागद जाळीवरून उचलून फेल्टवर नेण्याची कसरत उरत नाही. पेटंटची मुदत संपल्यावर ती जगभर पसरली आणि आज साध्या टिश्यूच्या नव्या मशीनला दुसरे काही बसवण्याचा विचारही कोणी फारसा करत नाही.

खरी बंडखोरी मात्र प्रॉक्टर अँड गॅम्बलने केली. या कंपनीने १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बे इथली शार्मिन पेपर मिल विकत घेतली. साबण विकणाऱ्या कंपनीने कागदात हात घातला आणि कागदवाल्यांनी गृहीत धरलेली एक गोष्ट मोडीत काढली: ओला कागद दाबलाच पाहिजे, ही. सॅनफर्ड आणि सिसन यांच्या नावाने १९६७ मध्ये मिळालेल्या पेटंटातली कल्पना अशी, की कागद फेल्टखाली दाबायचाच नाही. विणीच्या गाठी वर आलेल्या कापडावर तो ओलाच बसवायचा, त्याच्या आरपार गरम हवा सोडून वाळवायचा, आणि मग फक्त त्या गाठींपुरता यांकीवर टेकवायचा. गाठींच्या जागी कागद घट्ट, मधल्या खळग्यांत फुगीर. यालाच आज टीएडी म्हणतात. तेवढ्याच तंतूंत अधिक जाड आणि अधिक शोषक कागद मिळतो. पुढे नव्वदच्या दशकात किंबर्ली-क्लार्कने त्याहून एक पाऊल टाकले आणि यांकी व ब्लेड दोन्ही काढून टाकले. वेगवान कापडावरून मंद कापडावर कागद ढकलायचा आणि त्या ढकलण्यातच त्याला लवचीकपणा द्यायचा. डॉक्टर ब्लेडशिवाय टिश्यू, ही कल्पना आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मशीनमनला सांगून पाहावी. तो थट्टा समजेल.

किंमत मात्र मोजावी लागते. न दाबलेला कागद व्हॅक्यूमवरून निघतो तेव्हा २५ टक्क्यांच्या आसपास कोरडा असतो. म्हणजे किलोमागे दीड नव्हे, तीन लिटर पाणी वाफ करून घालवायचे. दुप्पट. शिवाय कागदाच्या आरपार हवा ओढणाऱ्या पंख्यांची वीज वेगळी. ज्या बाजारात पाहुण्यासमोर ठेवायच्या रोलला वाटेल ती किंमत मिळते तिथे हे चालते. आपल्या बाजारात रुमालाचे पाकीट पैशापैशाने तोलले जाते, तिथे शुद्ध टीएडी बसवण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने आधी आपल्या गॅसच्या दराकडे पाहावे.

म्हणून यंत्रनिर्मात्यांनी मधली वाट शोधली. व्होइथच्या ॲटमॉस पद्धतीत कागद खळग्यांच्या कापडावर बसवून ताणलेला पट्टा, व्हॅक्यूम आणि गरम हवा यांनी अंगावर फार भार न टाकता पाणी काढले जाते. व्हाल्मेटच्या एनटीटी पद्धतीत नक्षी असलेला पट्टा प्रेसमधूनच जातो. तिचे पहिले व्यापारी मशीन मेक्सिकोतल्या मेक्सिकाली इथे लागले. पट्टा बदलला की त्याच मशीनवर साधा टिश्यूही निघतो. हा शेवटचा मुद्दा छोट्या बाजारासाठी नक्षीहून महत्त्वाचा आहे. महिनाभर उंची माल खपेल याची खात्री नसलेल्या गिरणीला दोन प्रकारचा कागद देणारे एकच मशीन परवडू शकते.

पण आपल्या बहुतेक वाचकांचे काम नव्या मशीनचे नाही. त्यांच्यापुढे आहे ते चालू मशीन, पंधरा-वीस वर्षांचे, कधी युरोपातून उतरवून आणलेले. त्यांच्यासाठी सगळ्यांत जास्त मोल असलेला शोध दिसायला सगळ्यांत साधा आहे: शू प्रेस. दोन गोल रोल एकमेकांना टेकतात तेव्हा नीप अरुंद असते आणि दाब एका झटक्यात येऊन जातो. त्याऐवजी यांकीच्या वळणाशी जुळणारा खोलगट बूट तेलाच्या दाबाने आतून लावला, की नीप लांबते आणि पाण्याला निघायला वेळ मिळतो. कोरडेपणा ४० वरून ४५ टक्के झाला असे धरू. किलोमागचे दीड लिटर १.२२ लिटरवर येते. कागदात शेवटी राहणारा ओलावा वजा केला, तर वाफ करायच्या पाण्यात १९ टक्क्यांच्या आसपास घट. म्हणजे प्रेसवरचा एक टक्का हा वाळवणीतल्या जवळजवळ चार टक्क्यांच्या मोलाचा. हा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकातला नाही, भागाकाराचा आहे. शाळेतल्या पोरालाही तपासता येईल. यातली सोय अशी, की वाचलेले चार टक्के इंधनात घ्यायचे, वेगात घ्यायचे, की दाब कमी ठेवून फुगीरपणात घ्यायचे, हे गिरणीने ठरवायचे.

दुसरा बदल यांकीच्या अंगातच झाला. शतकभर यांकी म्हणजे ओतीव लोखंड. ठिसूळ धातू, आत वाफेचा दाब, म्हणून कवच जाड ठेवावे लागे. दर वेळी पृष्ठभाग घासून सारखा केला की कवच झिजते आणि परवानगी असलेला वाफेचा दाब खाली आणावा लागतो. जुन्या यांकीच्या गिरण्यांना हे दुखणे चांगलेच ठाऊक आहे. इटलीत लुक्काजवळच्या टॉस्कोटेकने या शतकाच्या सुरुवातीपासून पोलादी पत्र्याची, वेल्डिंगने जोडलेली यांकी पुढे आणली आणि इतर निर्माते त्या वाटेने आले. पोलाद उष्णता फार अधिक वेगाने वाहून नेते असे नाही. ते अधिक ताकदीचे आहे, म्हणून कवच पातळ चालते आणि उष्णतेला कमी अंतर कापावे लागते. वरून धातूचा कठीण थर फवारून दिला की घासकामही लांबते.

इथे एक जुनी गोष्ट पुन्हा सांगणे भाग आहे. कागद तुटून यांकीवरच्या हुडखाली आग लागली की घाईत तापलेल्या यांकीवर थेट थंड पाण्याचा पाइप धरण्याची प्रवृत्ती होते. ओतीव लोखंडाला तो धक्का तडा देऊ शकतो, आणि आत दाबाखालची वाफ आहे. शिफ्टमधल्या प्रत्येकाला हे पाठ असले पाहिजे, कंत्राटी माणसालाही.

लुक्काचे नाव आलेच आहे तर थोडे विषयांतर. फाबियो पेरीनी यांनी १९६६ मध्ये तिथे रोल गुंडाळायच्या यंत्रांचा कारखाना काढला आणि त्याच्या अवतीभवती टिश्यू यंत्रांचा सबंध परगणा उभा राहिला. पेरीनींच्या नावाचा तो व्यवसाय पुढे कोर्बर समूहाकडे गेला आणि २०२३ मध्ये व्हाल्मेटकडे आला. लुक्काला ऑक्टोबरात भरणाऱ्या प्रदर्शनाला आपल्याकडचे गिरणीवालेही भाविकतेने जातात आणि येताना माहितीपत्रकांची बॅग भरून आणतात. त्या विमान तिकिटाच्या रकमेत हुडच्या धुराड्यातल्या हवेची आर्द्रता मोजायचे बरे उपकरण येते, आणि ते अनेक गिरण्यांत नसते.

हे उपकरण का हवे, ते हुड पाहिल्यावर कळते. यांकीतली वाफ आतून तापवते आणि हुडमधली तापलेली हवा बाहेरून कागदावर आदळते. ढोबळमानाने काम निम्मे-निम्मे वाटले जाते. बाहेर जाणाऱ्या हवेत प्रत्येक किलो कोरड्या हवेमागे ०.४ ते ०.५ किलो बाष्प असेल, तर हुड नीट चालले आहे. डँपर गरजेपेक्षा उघडा राहिला की हा आकडा निम्म्यावर घसरतो. म्हणजे गॅस जाळून तापवलेली हवा अर्धपोटी आकाशात सोडायची. यांकीच्या दोन्ही बाजूंची झाकणे उघडी ठेवणे हाही तसाच उधळेपणा. त्यांना उष्णतारोधक आवरण घालणे हा फारसा खर्चीक उपाय नाही, तरी तो वर्षानुवर्षे पुढच्या बंदवर ढकलला जातो.

हुडमध्ये काय जाळायचे, यावर जगात आता मोठे प्रयोग चालू आहेत. एसिटी कंपनीने जर्मनीतल्या माइन्झ-कोस्टहाइमच्या गिरणीत नैसर्गिक वायूच्या जागी हरित हायड्रोजन जाळून टिश्यू वाळवून दाखवला. न्यूझीलंडमधल्या कावेराऊ इथे त्याच कंपनीने हुडमधला गॅस काढून जमिनीखालच्या उष्णतेची वाफ लावली. हायड्रोजन आपल्यासाठी आज दूरचा आहे. कावेराऊचे उदाहरण मात्र ओळखीचे वाटावे. गॅसची वाहिनी न पोचलेल्या आपल्या भागांत कित्येक गिरण्या हुडची हवा वाफेच्या कॉइलनेच तापवतात आणि तिचे तापमान दोनशे अंशांच्याही खाली राहते म्हणून स्वतःला मागासलेल्या समजतात. कमी तापमानाचे हुड चालवायचे असेल, तर प्रेसवर कागद अधिक कोरडा निघाला पाहिजे, एवढीच त्याची अट आहे. बॉयलर उसाच्या चिपाडावर किंवा शेतातल्या काडीकचऱ्यावर चालत असेल, तर ही मांडणी कोळशावाल्याहून कितीतरी स्वच्छ ठरते.

चिपाडाचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन मते पडतात. साखर कारखान्याला ते सहवीजनिर्मितीला हवे, कागदवाल्याला लगद्याला. एसिटीने २०२१ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला गव्हाच्या काडाच्या लगद्याचा कारखाना टिश्यू गिरणीलाच जोडून सुरू केला तेव्हा त्याची नवलाई झाली. आपल्याकडे काड आणि चिपाड यांचा कागद पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे. नवलाईच्या पलीकडची अडचण चिपाडाच्या भुशात आहे. हा भुसा नीट वेगळा केला नाही, तर तो पाणी धरून ठेवतो, जाळीवर निचरा मंदावतो, फेल्ट भरते, आणि प्रेसखालून कागद ३७-३८ टक्क्यांवर निघतो. पुन्हा तोच भागाकार: ३८ टक्क्यांना किलोमागे १.६३ लिटर. स्वस्त लगद्यात वाचवलेले पैसे वाफेत जाऊ शकतात. पुण्याजवळ थेरगावला पदमजींच्या गिरणीसारख्या, विशेष कागद आणि टिश्यू बनवणाऱ्या जुन्या जागा महाराष्ट्रात आहेत; साखरपट्टाही आहे. भुसा काढण्याची यंत्रे, फेल्ट धुण्याची पद्धत आणि प्रेस या तिघांचा एकत्र विचार करणारे काम इथेच व्हायला हवे. त्यासाठी परदेशी परवान्याची गरज नाही.

या मासिकाचे मत स्पष्ट आहे. नक्षीदार टिश्यूचे मशीन घेण्याआधी प्रेस सुधारावा, प्रेसआधी हुडचा डँपर आणि यांकीची झाकणे पाहावीत, आणि या सगळ्याआधी मोजमाप करावे. पुढचा बंद घ्याल तेव्हा प्रेसनंतरच्या कागदाचा नमुना काढा, तोलून, वाळवून पुन्हा तोला. त्या कोरडेपणाची टक्केवारी, टन कागदामागे लागलेली वाफ आणि गॅस, आणि लगद्यात चिपाड किती, एवढे आकडे संपादकीय पत्त्यावर कळवा. गिरणीचे नाव छापले जाणार नाही. आकडे पुरेसे आले, तर त्यांचा तक्ता याच पानावर देऊ.