प्राडाला बोललो, पण आपल्या मशीनवर बसलेल्या मास्टरचं काय?

आज कॉस्टिंगची शीट नाही, मार्केटिंगची ट्रिक नाही. आज जरा मतं मांडणार आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे. कपड्याच्या धंद्यात आहात, बुटीक टाकायचा विचार करताय, घरी दोन मशीन घेऊन कुर्ती शिवायला सुरुवात केलीय, तर हे शेवटपर्यंत वाचाच.

जून २०२५ आठवतोय ना? मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला आणि मॉडेलच्या पायात आपलं कोल्हापुरी! तिथे कोल्हापूरचं नाव नव्हतं, कारागिरांचं नव्हतं. आपण सगळे पेटलो. मीसुद्धा स्टेटस टाकलं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळालाय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले आठ जिल्हे त्यात आहेत, मग नाव का नाही, असं तावातावाने लिहिलं. बोंब झाल्यावर कंपनीनेही मान्य केलं की प्रेरणा इथल्या परंपरेची आहे.

स्टेटस टाकून मी दुकानाचं शटर वर केलं. समोर हँगरवर खणाचं जॅकेट लटकत होतं. टॅगवर माझ्या दुकानाचं नाव. आणि ते जॅकेट ज्या बाईने सुचवलं, तिचं नाव कुठेच नव्हतं.

गोष्ट अशी झाली

२०२३ ची गोष्ट. आमच्याकडे एक मावशी अल्टरेशनला होत्या. फॉल-पिको, बाही उसवणे, फिटिंग काढणे, असली कामं. दुकानात खणाचे ताके होते, पण हालत नव्हते. का? खणाचा पन्हा अरुंद. हा कपडा मुळात चोळीसाठी विणलेला. तिकडे बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणतात आणि आपल्याकडे ओटी भरायला, चोळी शिवायला वापरतात. चोळीला तेवढा पन्हा पुरतो. आपण त्याची आजची कुर्ती कापायला गेलो की एकतर घेर कमी पडतो, नाहीतर भलत्या जागी जोड येतो. आमचे कटिंगवाले सरळ म्हणाले, "ह्यात काय होणार नाही."

मावशींनी उरलेला खण घेतला. पाठीवर आणि पुढे मध्ये उभा खण, दोन्ही बगलांखाली साध्या सुती कापडाची पट्टी, आणि जोडाच्या रेषेवर खणाचाच काठ बसवला. जोड लपवला नाही, दाखवला. बिनबाह्यांचं जॅकेट तयार! कुर्तीवर चालतं, साडीवर चालतं, कॉलेजच्या मुलींना जीन्सवरही चालतं. आणि बाजूची पट्टी कमी-जास्त केली की एकाच कटिंगमध्ये सगळ्या साइझ. पन्ह्याची अडचण होती, तिचंच डिझाइन झालं.

मी काय केलं? रील टाकलं. "आमचं नवीन कलेक्शन." गौरी-गणपतीच्या सीझनला ४० नग गेले. मावशींना नगामागे नेहमीची शिलाई दिली, वर एक साडी. मला वाटलं, मी फार उदार आहे.

दिवाळीनंतर त्या दुसऱ्या दुकानात गेल्या. मी विचारलं, "मावशी, किती जास्त देतायत? सांगा, मी देतो." त्या म्हणाल्या, "जास्त काही नाही ओ दादा. तिथं मला मास्टर म्हणतात."

मित्रांनो, बीबीएला मी रिटेन्शन, मोटिव्हेशन सगळं पाठ केलं होतं. पेपरात मार्कही मिळाले होते. पण आपल्या धंद्यात कात्री पुरुषाच्या हातात असली की तो 'मास्टर' आणि बाईच्या हातात असली की ती 'मावशी', हे माझ्या डोळ्यांसमोर असून कधी दिसलं नव्हतं.

माझं मत काय आहे

आपल्या भागातल्या फॅशनचं कौतुक म्हणजे नवरात्रात खणाची साडी नेसून फोटो टाकणं नाही. ते पण करा, माल खपतो! पण खरं कौतुक दोन गोष्टींत दिसतं: टॅगवर नाव आणि हातात हिस्सा. ज्याने डोकं चालवलं त्याला हे मिळत नसेल, तर मिलानमध्ये जे झालं तेच आपण गल्लीत करतोय.

शिवलेल्या नऊवारीचं बघा. घातली, नाडी बांधली, पदर टाकला, पाच मिनिटांत बाई तयार. आधी नऊवारी नेसवायला घरात जाणती बाई लागायची. आता लेझीम पथकातल्या मुलीपासून लग्नातल्या करवलीपर्यंत सगळ्या घालतात. काष्टा शिवून कसा बसवायचा, चालताना ओढ कुठे येते, निऱ्या कुठे पक्क्या करायच्या, हे सगळं कुणीतरी मशीनवर बसून, उसवून, परत शिवून सोडवलं. ही आपल्याकडची जबरदस्त फॅशन डिझाइन आहे. त्यामागच्या एका तरी टेलरचं नाव तुम्ही कधी ऐकलंय?

उलट उदाहरण गोव्याचं घ्या. कुणबी साडी म्हणजे लाल चौकड्याची, आखूड नेसायची, शेतात राबणाऱ्या बायकांची साडी. वापरातून जवळजवळ गेलेली. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्याच डिझायनरने ती हातमागावर पुन्हा विणून घेतली, नव्या रंगांत आणली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये रॅम्पवर नेली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते गेले, पण कुणबी साडी म्हटलं की आजही त्यांचं नाव निघतं आणि रॉड्रिक्स म्हटलं की कुणबी साडी आठवते. त्यांनी ती 'माझं कलेक्शन' म्हणून विकली नाही, 'कुणबी' हे नाव पुढे ठेवलं. नाव दिल्याने त्यांचं नाव लहान झालं का? वाढलं!

नवीन काय करता येईल?

डिझायनर व्हायला पॅरिसला जायची गरज नाही. आपल्याकडच्या प्रत्येक कपड्यात एक अडचण आहे. ती अडचण कुणाच्या हाताला रोज लागते, त्याला विचारा. माझ्या डोक्यात सध्या फिरतंय ते सांगतो, बिनधास्त उचला.

जुनी इरकल. साडी मध्ये विरते, पण काठ आणि पदर चांगला राहतो. गिऱ्हाइकाच्या आजीची साडी घ्या, काठ ऑफिसच्या साध्या कुर्त्याच्या पुढच्या पट्टीला आणि बाहीला लावा, पदराचा तुकडा पाठीवर. इथे तुम्ही कापड विकत नाही, शिलाई आणि आठवण विकता. मालात पैसे अडकत नाहीत, नवीन माणसाला सुरू करायला हे सगळ्यात सोपं.

सोलापुरी चादर. जाड, टिकाऊ, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. थंडीत सकाळी बाइकवरून जाणाऱ्या पोरांसाठी उलटसुलट जॅकेट का नाही? अडचण जाडीची: शिवणीत चार पदर आले की साधं मशीन रडतं. मग कॉलर काढून टाका, कडेला पायपिंग करा.

घोंगडी. अंगाला टोचते. मग अस्तर घाला, किंवा अंगाला न लावता पिशवी, लॅपटॉपचं कव्हर करा.

आणि एक विनंती. पॉलिस्टरवर खणाची डिझाइन छापून मिळते, यंत्रमागाचा खण मिळतो आणि हातमागाचाही मिळतो. तिन्ही विका, काही पाप नाही. फक्त जे आहे ते सांगून विका. छापील माल 'हातमाग' म्हणून विकला की तुम्ही गिऱ्हाइकाला तर फसवताच, विणकराचाही भाव पाडता.

आता पैशाचं बोलू

तुम्ही म्हणाल, सर, बोलायला सोपं आहे. चला, हिशोब करू. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे भाव टाका.

एका जॅकेटला खण ३७५ रुपये, साधं सुती १२०, अस्तर ९०, शिलाई २५०, धागा-बटण-टॅग ३५. झाले ८७०. विक्री १,५०० ला. आता डिझाइन सुचवणाऱ्याला नगामागे ३० रुपये द्या. खर्च ९००. म्हणजे विक्रीच्या फक्त २ टक्के! सेल लावला की आपण १० टक्के सूट डोळे झाकून देतो, तेव्हा हात थरथरत नाही. ४० नगांचे होतात १,२०० रुपये. एवढ्यासाठी मी माझा सगळ्यात हुशार माणूस घालवला.

मी आता चार गोष्टी पाळतो. पहिला नमुना शिवायला लागलेल्या वेळेचे वेगळे पैसे, तो विकला गेला नाही तरी. चाललेल्या डिझाइनवर नगामागे हिस्सा, महिन्याच्या शेवटी, वहीत लिहून सही घेऊन. टॅगवर 'कटिंग व डिझाइन' म्हणून नाव, अर्थात त्यांना विचारून, कारण काहींना नको असतं. आणि दुकानात बाई असो की बुवा, कापणारा तो मास्टर.

"पण नाव दिलं तर दुसरा पळवेल ना?"

हा प्रश्न येणारच. पळवेल. पण मी नाव दिलं नव्हतं, तरी पळवलंच की! नाव लपवून माणूस टिकत नाही.

दुसरा प्रश्न: "भांडवल माझं, रिस्क माझी, माल पडून राहिला तर नुकसान माझं." शंभर टक्के बरोबर. म्हणूनच हिस्सा २ टक्के आहे, निम्मा नाही. रिस्कचा मोबदला तुम्ही घ्या, डोक्याचा मोबदला ज्याचा त्याला द्या.

तिसरा: "डिझाइन कॉपी होतं." होतंच. २००० च्या डिझाइन कायद्याखाली कपड्याच्या नव्या डिझाइनची नोंदणी करता येते. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण मेख ऐका: डिझाइन आधीच जाहीर झालं असेल तर ते नवीन धरत नाहीत. म्हणजे आधी रील टाकलं आणि मग अर्ज केला, तर तुमच्याच रीलने तुमचा घात केला. प्रत्येक कुर्तीला हा खटाटोप परवडणार नाही. जे डिझाइन दोन-तीन सीझन चालेल असं वाटतं, तेवढ्यापुरता सल्ला घ्या, आणि तोही मोबाइल बाहेर काढायच्या आधी.

शेवटचं

प्राडाचं प्रकरण झाल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ४० नगांचे १,२०० रुपये पाकिटात घालून. त्यांनी पैसे मोजून घेतले, चहा केला. परत यायचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, "त्या जॅकेटची बगल अजून अर्धा इंच खाली घ्या मास्टर लोकांना सांगून. जाड बायकांना काचतं."

घेतली. खरंच काचत होतं. नगामागचे ३० रुपये अजून त्यांच्याकडे जातात.

तर या आठवड्याचं तुमचं काम. दुकानात किंवा घरी जो तुमच्यासाठी कापतो, शिवतो, विणतो, त्याच्यासमोर पडून असलेल्या मालातला एक ताका ठेवा आणि विचारा, "तुमच्या मनाने करायचं तर ह्याचं काय कराल?" नमुन्याचे पैसे आधी हातात द्या. मग गप्प बसा आणि बघा. जे तयार होईल त्याचा फोटो पाठवा, पण शिवणाऱ्याच्या नावासकट. नाव नसलेला फोटो मी चॅनलवर दाखवणार नाही.