मलेरियाचा जंतू, महागडा मायक्रोस्कोप अन् आपली पोरं

पाऊस लागला की भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडं दरवर्षी तेच. आशाताई बोटाला सुई टोचतात, किटवर रेषा उमटते, फाल्सिपेरम निघतो. राज्यात मलेरियाचं नाव निघालं की गडचिरोली आधी आठवते.

पूर्वी यावर क्लोरोक्वीन चालायचं. पुढं जंतू त्याला पुरून उरला. शेवटी २०१० मध्ये फाल्सिपेरमसाठी देशभर एसीटी हे मिश्र औषध आलं.

क्लोरोक्वीन निकामी का झालं? जंतू आपलं हिमोग्लोबिन ज्या पिशवीत पचवतो, तिथंच हे औषध साचून त्याला मारायचं. पिशवीच्या भिंतीतलं एक प्रथिन बदललं अन् औषध बाहेर फेकू लागलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या प्रथिनाची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने उलगडली. यात नमुना इतक्या झटक्यात गोठवतात की बर्फाचे स्फटिकच बनत नाहीत. मग इलेक्ट्रॉनच्या झोतात लाखो कणांची चित्रं घेऊन कॉम्प्युटरवर जुळवतात. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच तंत्राला मिळालं.

कुणी म्हणेल, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, अन् तुम्ही मायक्रोस्कोपचं काय घेऊन बसलात? रास्त आहे. पूल हवा, डॉक्टर हवा. पण त्या पुलावरून जाणारी गोळी उद्याही लागू पडायला हवी ना? आग्नेय आशियात एसीटीलाही दाद न देणारा जंतू सापडलाय. नवं औषध शोधायचं तर अशी रचना आधी कळावी लागते.

हे यंत्र गडचिरोलीत आणा, असं मी म्हणत नाही. किंमत कोट्यवधींत, वर अखंड वीज, द्रव नायट्रोजन अन् जराही न थरथरणारी जागा लागते. बंगळुरूत राष्ट्रीय सुविधा आहे, तिचा उपयोग करून घेऊ. गोंडवाना विद्यापीठानं तिथल्या संस्थांशी करार करावा अन् दरवर्षी आपली चार-पाच एमएस्सीची पोरं-पोरी प्रशिक्षणाला पाठवावीत. पैसा? चंद्रपूरचा कोळसा अन् सुरजागडचं लोहखनिज इथूनच जातं. जिल्हा खनिज निधी आरोग्य अन् शिक्षणासाठीही आहे, त्यातून द्या.

ताप आपल्या गावांत, रक्ताचे नमुने आपल्या माणसांचे. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांतही आपली पोरं दिसली पाहिजेत. सिनेट सदस्यांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच. तुमच्या ओळखीचे कुणी सदस्य असतील तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचवा.